उपग्रह प्रतिमेतून फक्त आपलेच शेत वेगळे कसे काढावे?



सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. प्रतिमेतील एक चौकोन जमिनीवर १० × १० मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा भरतो. तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून प्रत्येक चौकोनाचा वनस्पती निर्देशांक काढता येतो. परंतु प्रतिमा आयताकृती असते, शेत मात्र वेडेवाकडे. शेजारचा हिरवागार ऊस आपल्या हरभऱ्याच्या सरासरीत मिसळला, तर ताण पडलेले पीकही जोमदार दिसते आणि पाणी देण्याची वेळ निघून जाते. म्हणून शेताच्या आकाराचा बहुभुज मास्क तयार करावा. घरातील संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींची यात मदत घ्यावी.

१) हद्द : बांधाच्या कडेने फिरून प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर क्रमाने नोंदवावेत. क्रम चुकल्यास रेषा एकमेकींना छेदतात व आकार बिघडतो.

२) एकच मापन पद्धत : प्रतिमा मीटरमध्ये, तर मोबाईलची नोंद अंशांमध्ये असते. हद्दीचे बिंदू प्रतिमेच्या पद्धतीत बदलून घ्यावेत.

३) मास्क : चौकोनाच्या मध्यबिंदूपासून एका दिशेला सरळ रेषा ओढली आणि तिने हद्द विषम वेळा ओलांडली, तर तो चौकोन शेतात; सम वेळा किंवा एकदाही नाही, तर बाहेर. पायथॉन भाषेतील रास्टरिओ हे साधन असा मास्क तयार करून देते. मात्र त्याच्या नेहमीच्या मास्कमध्ये बाहेरचे चौकोन 'खरे' व आतले 'खोटे' असतात, हे ध्यानात ठेवावे.

४) बाहेरचे चौकोन रिकामे ठेवावेत, शून्य भरू नये. समजा, १०० पैकी ३६ चौकोन शेतातील असून त्यांचा निर्देशांक ०.६० आहे. बाहेर शून्य भरल्यास सरासरी ०.२२ इतकीच येईल आणि चांगले पीक रोगट वाटेल.

५) कडा : कडेच्या चौकोनात बांध, झाडे व शेजारचे पीक मिसळते. यासाठी हद्द १० मीटर आत घ्यावी. चौरस एकरातील सुमारे ४० चौकोनांपैकी १९ च उरतात, पण ते निव्वळ आपल्या पिकाचे असतात. अगदी अरुंद पट्ट्यांसाठी ही प्रतिमा अपुरी पडते.

ढगाळ दिवसाची प्रतिमा वापरू नये. निर्देशांक घसरला म्हणून लगेच फवारणीही करू नये. नेमक्या त्या जागी जाऊन ओल, मुळे व पाने पाहावीत. प्रतिमा जागा दाखवते. कारण शेतातच सापडते.