पुठ्ठ्याच्या खोक्यातला उजेड

आज आपण चेहऱ्याचा फोटो काढण्यासाठी लागणारा दिवा घरच्या घरी, कमी पैशात कसा करायचा ते बघू. मी बोलतोय पापनाशमहून. कमल हासनच्या चित्रपटातलं पापनाशम नव्हे, ते तिरुनेलवेलीकडचं. आमचं हे तंजावूर–कुंभकोणम रस्त्यावरचं, कावेरीच्या भातशेतीतलं.

या पट्ट्यात अजून तंजावूर मराठी बोलणारी घरं आहेत. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा तंजावूरच्या राजवाड्यात आहे, तो लंडनच्या जॉन फ्लॅक्समनने घडवला. राजांची सोय झाली. पण आमच्या घरातली ऐंशीची आजी गेली, की भिंतीवर लागतो तो आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो. डोळ्यांच्या जागी काळोख, कपाळावर चकाकी, आणि नातवंडांना तीच आजी पुढे आठवत राहते. माणूस समोर बसलेलं असताना एक नीट फोटो काढून ठेवायला काय हरकत आहे?

कॅमेरा नको, मोबाइल पुरे. लागतो तो मऊ उजेड. उजेड मऊ होतो दिव्याच्या आकारामुळे. बल्ब लहान असतो, म्हणून नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. तोच बल्ब दोन फुटी पांढऱ्या कापडामागे ठेवला की आता कापड हाच दिवा. सावलीची कड विरघळते, सुरकुत्या दिसतात पण ओरबाडत नाहीत. अट एकच, कापड जवळ हवं. दोन फुटी खोकं तीन फुटांवरून जो मऊपणा देतं, तेवढाच सहा फुटांवरून हवा असेल तर खोकं चार फुटी लागेल. शिवाय लांब नेलं की उजेडही पडतो. लहान दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, आणि आपल्या खोक्याचंही जवळपास तसंच.

आता खोकं. किराणा दुकानातून दोन फूट रुंद-उंच आणि फूटभर खोल पुठ्ठ्याचं खोकं आणा. एक बाजू पूर्ण कापा. आतून पांढरा कागद चिकटवा. चांदीचा कागद लावायचा मोह होतो, पण त्याने कापडावर चमकते डाग पडतात. मागे प्लायची पट्टी, तिच्यावर चार होल्डर, त्यांत ९ वॉटचे चार एलईडी बल्ब. चांगला ९ वॉटचा बल्ब ८०० ते ९०० ल्युमेन देतो. चारही एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे घ्या. खोक्यावर सीआरआय ९० लिहिलेला मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या, कमी असला की कातडी मेल्यासारखी दिसते. समोर जुन्या वेष्टीचं एकपदरी कापड ताणून लावा, मात्र ते शुभ्र हवं. पिवळट कापडाने चेहराही पिवळा येतो. एलईडीची बुडं तापतात, म्हणून मागे भोकं पाडा. हॅलोजन या खोक्यात कधीही लावू नका, पुठ्ठा पेटेल. वीज २३० व्होल्टची आहे, तेव्हा जोडणी जाणत्याकडून करून घ्या.

स्टँडसाठी रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून पीव्हीसी पाइप रोवा. वाळूवर माझा विश्वास फौजेपासूनचा आहे. डबा हलत नाही.

खोकं माणसाच्या एका बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडं वर ठेवा. दुसऱ्या गालाशी पांढरं थर्मोकोल धरा, सावली उजळते. किती जवळ धरायचं ते चेहरा बघून ठरवा. आमच्याकडे सावळी माणसं जास्त. तिथे दिवे वाढवून उपयोग नसतो, खोकं थोडं बाजूला सरकवा म्हणजे गालाच्या हाडावर उजेडाची लांब झिलई येते आणि चेहऱ्याला घडण येते. चष्म्यात खोकं दिसत असेल तर ते आणखी वर न्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवर जराशा उचला.

घरातली ट्यूबलाइट बंद करा, दोन रंगांचा उजेड मिसळला की दुरुस्ती होत नाही. फोटोत आडवे पट्टे दिसले तर मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

जुन्या घरात मधला चौक असेल तर सकाळी खोक्याची गरजच नाही. चौकाच्या कडेला, छपराच्या सावलीत तोंड आकाशाकडे करून बसवा. पण इथे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, आणि सणाला मुलं-नातवंडं येतात ती बहुधा संध्याकाळी. खोकं तेव्हासाठी.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना समोरचा दिवा खुपतो. आधी सगळं मांडून घ्या, कोणाला तरी खुर्चीवर बसवून तपासा, मग आजीला बोलवा आणि दहा मिनिटांत मोकळं करा.