सेहेचाळीस शिखरांची यादी : एका छंदाचा डोंगरावरील भार आणि आधार

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात पसरलेल्या ॲडिरॉन्डॅक पर्वतराजीतील सर्वोच्च शिखर माउंट मार्सी हे १,६२९ मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. दोहोंत अवघ्या १७ मीटरांचा फरक. हिमालयाच्या मापाने ही दोन्ही शिखरे ठेंगणीच ठरतील. तरीही मार्सी आणि तिच्या परिसरातील आणखी ४५ शिखरे एकामागून एक चढून ‘यादी पूर्ण’ करण्यासाठी हजारो माणसे वर्षानुवर्षे आपल्या सुट्या खर्ची घालतात. ही सर्व शिखरे सर करणाऱ्यास तेथे ‘फॉर्टी-सिक्सर’, म्हणजे सेहेचाळीस शिखरांचा मानकरी, म्हटले जाते.

या उपक्रमात शर्यत नाही, पारितोषिक नाही, कालमर्यादाही नाही. कोणी एका उन्हाळ्यात यादी संपवितो, तर कोणाला तीस वर्षे लागतात. शंभर वर्षांपूर्वी तीन माणसांनी स्वतःच्या आनंदासाठी आखलेली ही यादी आज पर्वतसंवर्धनाच्या चर्चेत वारंवार का येते, हे समजून घेण्यासाठी तिचा इतिहास पाहावा लागतो.

यादीचा जन्म

बॉब आणि जॉर्ज हे मार्शल बंधू न्यूयॉर्क शहरात वाढले. त्यांचे वडील लुई मार्शल हे नामवंत घटनातज्ज्ञ वकील होते. सॅरनॅक सरोवराकाठी कुटुंबाचे उन्हाळी घर होते आणि हर्बर्ट क्लार्क हा स्थानिक वाटाड्या कुटुंबाच्या सेवेत होता. १९१८ च्या ऑगस्टमध्ये १७ वर्षांचा बॉब आणि १४ वर्षांचा जॉर्ज यांनी क्लार्कसह व्हाइटफेस हे शिखर गाठले. तेथून त्यांना या डोंगरांचा ध्यास लागला.

४,००० फुटांहून, म्हणजे सुमारे १,२१९ मीटरांहून उंच असलेली सर्व शिखरे चढायची, असे त्यांनी ठरविले. मात्र ‘स्वतंत्र शिखर’ कोणते आणि एखाद्या शिखराचा केवळ उंचवटा कोणता, हा प्रश्न प्रत्येक यादीकर्त्यापुढे येतो. मार्शल बंधूंनी त्यासाठी साधी कसोटी लावली. शिखर सर्व बाजूंनी किमान ३०० फूट उठलेले असावे, किंवा जवळच्या अधिक उंच शिखरापासून किमान पाऊण मैल दूर असावे. या कसोटीवर प्रथम ४२ शिखरे उतरली. ॲडिरॉन्डॅक माउंटन क्लबने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत बॉबने त्यांचे वर्णन केले. उंचीखेरीज शिखरावरून दिसणाऱ्या दृश्याच्या सौंदर्यानुसारही त्याने क्रम लावला आणि त्यात पहिले स्थान हेस्टॅक या शिखराला दिले. पुढे आणखी चार शिखरांची भर पडली. १९२५ च्या जूनमध्ये माउंट एमन्सवर तिघांची यादी पूर्ण झाली. १९२७ मध्ये रसेल कार्सन यांनी या शिखरांचा इतिहास सांगणारे पुस्तक लिहिले आणि ४६ हा आकडा रूढ झाला.

मानकऱ्यांच्या नोंदवहीत पहिला क्रमांक हर्बर्ट क्लार्कचा, दुसरा जॉर्जचा आणि तिसरा बॉबचा आहे. जगभरच्या गिर्यारोहणाच्या इतिहासात वाटाड्यांची नावे बहुधा तळटिपेत राहतात. येथे मात्र यादीची सुरुवातच वाटाड्याच्या नावाने होते.

उंची बदलली, यादी बदलली नाही

मार्शल बंधूंच्या हाती होते ते त्या काळचे नकाशे. पुढे अधिक अचूक सर्वेक्षणे झाली, तेव्हा यादीतील चार शिखरे ४,००० फुटांपेक्षा कमी भरली. ब्लेक आणि क्लिफ थोडक्यात हुकली, नाय त्याहून खाली राहिले आणि काउचसाक्रागा तर जवळजवळ २०० फुटांनी उणे ठरले. उलट यादीबाहेरचे मॅकनॉटन हे शिखर १९५३ च्या नकाशात नेमके ४,००० फुटांचे दाखविले गेले.

तरीही यादीत फेरफार करण्यात आला नाही. पहिल्या तिघांनी जी शिखरे चढली तीच पुढच्यांनी चढावीत, हा संकेत टिकला. त्यामुळे आजही शेकडो लोक दलदल तुडवीत काउचसाक्रागाच्या झाडीने वेढलेल्या, फारसे दृश्य नसलेल्या माथ्यावर पोहोचतात. केवळ उंचीचा निकष लावला असता, तर त्यांच्यापैकी फारच थोडे तिकडे फिरकले असते.

स्कॉटलंडमध्ये नेमका उलट मार्ग स्वीकारला गेला. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये तेथील ३,००० फुटांवरील शिखरांची सारणी प्रसिद्ध केली. ही शिखरे आज ‘मन्रो’ याच नावाने ओळखली जातात. नवे मोजमाप आले की तेथे यादी सुधारली जाते. अशाच फेरमोजणीनंतर २०१२ मध्ये त्यांची संख्या २८२ झाली. विशेष म्हणजे, स्वतः मन्रो यांना आपली यादी पूर्ण करता आली नाही. जपानमध्ये क्यूया फुकादा या लेखकाने १९६४ मध्ये निवडलेले शंभर पर्वत आजही असंख्य जपानी पदभ्रमंती करणाऱ्यांचे उद्दिष्ट आहेत. त्या निवडीत उंचीइतकेच पर्वताचे व्यक्तिमत्त्व आणि इतिहास यांना महत्त्व होते. एके ठिकाणी मोजमाप श्रेष्ठ, दुसरीकडे परंपरा, तर तिसरीकडे एका लेखकाची आवड. यादी निसर्गात तयार मिळत नाही. ती माणूस करतो आणि तिचे परिणाम मात्र डोंगराला भोगावे लागतात.

पत्रांतून बांधला गेलेला परिवार

१९३७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय शहरात या छंदाने एकत्र आलेल्या मंडळींनी एक छोटा क्लब स्थापन केला. १९४८ मध्ये त्याचे ‘ॲडिरॉन्डॅक फॉर्टी-सिक्सर्स’ या संस्थेत रूपांतर झाले. ग्रेस हडोवाल्स्की यांनी १९३७ मध्ये यादी पूर्ण केली. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला आणि नोंदवहीतील नवव्या व्यक्ती. क्लबच्या इतिहासकार म्हणून त्यांनी अनेक दशके चढाई करणाऱ्यांशी पत्रव्यवहार केला. किती शिखरे झाली, एवढाच हिशेब त्यांना नको असे. वाटेत काय पाहिले, हवा कशी होती, सोबत कोण होते, हे चढणाऱ्याने लिहावे, असा त्यांचा आग्रह असे आणि त्या पत्रांना त्या उत्तरे पाठवीत. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये याच यादीतील ‘ईस्ट डिक्स’ या शिखराला ‘ग्रेस पीक’ असे नाव देण्यात आले.

आज नोंदवहीतील मानकऱ्यांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे. तिघांच्या छंदाला हे रूप येताच एक नवा प्रश्न उभा राहिला.

वाट नसलेल्या शिखरांवर वाटा

यादीतील जवळजवळ वीस शिखरांवर पूर्वी अधिकृत पायवाट नव्हती. नकाशा आणि होकायंत्र घेऊन घनदाट झाडीतून माथा शोधायचा, हाच त्या चढाईचा आनंद मानला जाई. माथा गाठल्याची खूण म्हणून तेथे क्लबने डबे बसविले होते आणि त्यांतील वहीत नाव लिहिले जाई. चढणारे मोजके होते, तोवर हे चालून गेले. संख्या वाढली तशी प्रत्येक जण आपापली वाट काढू लागला आणि एकाच शिखरावर अनेक आडवाटांचे जाळे पडले. पावसाचे पाणी त्या वाटांनी वाहू लागले, माती धुपली, झाडांची मुळे उघडी पडली. अखेर प्रत्येक शिखरासाठी एकच वाट ठरवून इतर वाटा बंद करण्याचे काम हाती घ्यावे लागले. नावनोंदणीचे डबेही काढून टाकण्यात आले.

अधिक नाजूक प्रश्न उघड्या माथ्यांचा होता. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ मागे सरकला, तेव्हा उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात आढळणाऱ्या वनस्पती या भागात पसरल्या. हवा उबदार झाली तशी खालच्या उतारांवर जंगल वाढले आणि या वनस्पती केवळ सर्वांत उंच, थंड व वाऱ्याच्या माथ्यांवर शिल्लक राहिल्या. संपूर्ण न्यूयॉर्क राज्यात अशी भूमी २०० एकरांपेक्षाही कमी आहे. तेथील मातीचा थर अत्यंत पातळ असतो आणि वाढीचा काळ मोजक्या आठवड्यांचा असतो. कडाक्याची थंडी आणि वादळी वारे सोसणारी ही रोपे बुटाखाली मात्र तग धरत नाहीत. रोप मेले की माती सुटते, माती वाहून गेली की खडक उघडा पडतो आणि त्यावर पुन्हा काही उगवण्यास अनेक वर्षे जातात.

मानकरीच झाले राखणदार

हा ऱ्हास प्रथम गांभीर्याने मांडणाऱ्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ एडविन केचलेज हे अग्रणी होते. ते स्वतः फॉर्टी-सिक्सर होते. उघड्या पडलेल्या माथ्यांवर गवताचे बी आणि खत टाकून माती धरून ठेवता येईल का, याचे प्रयोग त्यांनी केले. गवताने माती थांबविली की मूळच्या वनस्पती हळूहळू परत येतात, असे दिसून आले. मात्र त्यासाठी माणसांची पावले त्या जागेपासून दूर ठेवणे आवश्यक होते.

त्यातून १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘शिखरसेवक’ योजना आकारास आली. उन्हाळ्यात प्रशिक्षित कर्मचारी व स्वयंसेवक वर्दळीच्या शिखरांवर दिवसभर उभे राहतात. दंड ठोठावणे हे त्यांचे काम नव्हे. पायाखालचे ‘गवत’ म्हणजे नेमके काय आहे, हे ते येणाऱ्यास समजावून सांगतात आणि खडकावरूनच चालण्याची विनंती करतात. काही वाटांच्या पायथ्याशी दगडांचे ढीग ठेवलेले असतात. चढणाऱ्याने त्यांतील एखादा दगड पाठपिशवीतून वर न्यावा, अशी अपेक्षा असते. त्या दगडांनी माथ्यावरील वाटेच्या कडा आखल्या जातात आणि सैल माती झाकली जाते. अनेक माथ्यांवर वनस्पतींचे आच्छादन पुन्हा वाढल्याचे जुन्या व नव्या छायाचित्रांच्या तुलनेतून दिसते.

१९७० च्या दशकापासून फॉर्टी-सिक्सर्स संस्थेनेही केवळ नोंदी ठेवण्यापलीकडे जाऊन वाटांच्या दुरुस्तीचे श्रमदान सुरू केले. शासनाचे नियमही कडक झाले. पर्वतराजीच्या पूर्व भागात शेकोटीस बंदी आहे. दिवसभराच्या सहलीसाठी गटात १५ आणि मुक्कामासाठी ८ जणांचीच मर्यादा आहे. काही शिखरांकडे जाणारी वाट खासगी मालकीच्या जमिनीतून जाते. तेथे २०२१ पासून मे ते ऑक्टोबर या काळात वाहनतळासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते.

यादीमुळे गर्दी वाढली, हे नाकारता येत नाही. परंतु ज्या माणसाने सेहेचाळीस वेळा त्या डोंगरात पाय ठेवला, त्याला त्या डोंगराचे काय होते आहे, हेही कळते. बॉब मार्शल याचे उदाहरण बोलके आहे. यादी पूर्ण केल्यावर तो वनशास्त्रज्ञ झाला आणि १९३५ मध्ये ‘वाइल्डरनेस सोसायटी’ या संस्थेच्या संस्थापकांत त्याचा समावेश होता. अमेरिकेतील अस्पर्श वनप्रदेश राखण्यासाठी तिने पुढे मोठे काम केले. १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

सह्याद्रीच्या संदर्भात

‘किती गड झाले?’ हा प्रश्न महाराष्ट्रातील गिरिप्रेमींना नवा नाही. कळसूबाई, १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर, हरिश्चंद्रगड अशी उंच ठिकाणे अनेकांच्या वैयक्तिक यादीत असतात. पावसाळ्यातील सुट्यांच्या दिवशी कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रांगा लागतात. सह्याद्रीच्या माथ्यांवर आणि कातळसड्यांवरही मातीचा थर पातळ असतो आणि पावसाच्या काही आठवड्यांत फुलून जाणाऱ्या वनस्पतींचे तेथे वेगळे विश्व असते. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांत कास पठाराचा समावेश आहे. तेथे फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली, त्यामागील कारण ॲडिरॉन्डॅकच्या माथ्यांहून वेगळे नाही.

शिखर नोंदवहीत लिहिण्यास एक ओळ पुरते. ती ओळ लिहिणाऱ्याने मळलेली वाट सोडली नाही, ओल्या मातीऐवजी खडकावर पाय ठेवला, नेलेला कचरा परत आणला आणि वर्षातील एखादा दिवस वाटेच्या दुरुस्तीस दिला, तर त्याच्यानंतर येणाऱ्यालाही ती ओळ लिहिण्याजोगे शिखर मिळेल. ॲडिरॉन्डॅकमध्ये हे कळण्यास अर्धे शतक लागले. सह्याद्रीतील यादीकर्त्यांपुढे तो अनुभव तयार आहे.