‘ळ’ची जागा आणि संगणकातला दुभाष्या

धार आणि देवास इथल्या जुन्या मराठी घरांतून पुस्तकांच्या पेट्या अजून निघतात. त्यांची लेखकवार सूची करण्याचे काम माझे विद्यार्थी करीत आहेत. नावांचा क्रम लावायला त्यांनी पायथन या संगणकभाषेत एक लहानशी आज्ञावली लिहिली. पहिल्या यादीत क्रम आला तो असा : काणे, काळे, कावळे, काशीकर. मराठी वर्णमाला पाठ असलेल्याला हे लगेच खटकते. आपला ळ ‘ह’नंतर येतो, म्हणून काळे काशीकरांच्या मागे हवेत. पायथन मात्र युनिकोडने प्रत्येक वर्णाला दिलेला क्रमांक पाहतो आणि त्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या दरम्यान बसलेला आहे. सूचीत अपेक्षित जागी नाव सापडले नाही की वाचक पुस्तकच नाही असे समजून उठतो. शिवाय आमच्याकडची मुले हिंदी माध्यमात शिकतात. ‘माळवा’ हा शब्दही त्यांच्या पाटीवर ‘मालवा’ होऊन येतो. तेव्हा ळ जागेवर असणे ही आमच्या दृष्टीने केवळ हौस नाही.

मराठीचा क्रम जाणणारे साहित्य जगात तयार आहे. त्याचे नाव आयसीयू (इस्पितळातला नव्हे). ते आता युनिकोड संघाच्या छत्राखाली आहे. अडचण एवढीच, की ते पायथनमध्ये लिहिलेले नाही. त्याचा एक अवतार सी आणि सी प्लस प्लस या भाषांत आहे, दुसरा जावात.

एका भाषेतले काम दुसरीत वापरायचे तर दोन वाटा आहेत, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला दोन्ही ओळखीच्या वाटतील. पहिली भाषांतराची. आयसीयूचे दोन अवतार असेच झाले. जावासाठी लिहिलेले पुढे सी आणि सी प्लस प्लसमध्ये नव्याने उतरवले गेले. पण मूळ बदलले की प्रत्येक भाषांतर सुधारावे लागते. दुसरी वाट दुभाष्याची : मूळ संहिता आहे तिथेच ठेवायची आणि वेशीवर एक माणूस बसवायचा. पायथनसाठी असा दुभाष्या आहे, पायआयसीयू. पीएचपीतही तोच आयसीयू एका जोडणीतून वापरता येतो.

हा दुभाष्या बहुधा सी भाषेच्या रीतीने बोलतो. फंक्शनला हाक कशी मारायची, त्याला लागणारी मूल्ये कुठे ठेवायची, उत्तर कुठून उचलायचे, याचे सीचे संकेत जवळजवळ सर्व भाषा जाणतात. आपल्याकडे दोन प्रांतांची माणसे हिंदीत बोलून वेळ निभावतात, तसेच हे. सी प्लस प्लसचे मात्र विचित्र आहे : तिचा संकलक फंक्शनच्या नावात मूल्यांचे प्रकारही गुंफतो, त्यामुळे बाहेरच्याला मूळ नावाने शोधून ते सापडत नाही. म्हणून अनेक ग्रंथालये बाहेर सीचा साधा दरवाजा ठेवतात.

खरी कसरत शब्द पलीकडे नेताना होते. ‘धार’ हा शब्द कानाला दोन अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबी तीन खुणा : ध, काना, र. फाइलमध्ये नेहमीच्या यूटीएफ-8 पद्धतीने साठवला तर 9 बाइट; आयसीयूच्या पोटात यूटीएफ-16 असल्यामुळे 6. ‘देवास’ तीन अक्षरे, पाच खुणा, अनुक्रमे 15 आणि 10 बाइट. दुभाष्याने हे माप दर वेळी बदलायचे. 9 बाइटांऐवजी चुकून 8 नेले तर शेवटचा र अर्धवट तुटतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्ह उमटते.

त्याहून नाजूक बाब मालकीची. पायथन प्रत्येक वस्तूला किती जण धरून आहेत ते मोजतो आणि कुणीच उरले नाही की तिची जागा मोकळी करतो. सी प्लस प्लसला ही मोजणी ठाऊक नसते. दोघांनीही एकच जागा मोकळी केली तर आज्ञावली कोसळते. कुणीच केली नाही तर स्मृती हळूहळू भरत जाते. चांगल्या दुभाष्याचे निम्मे काम म्हणजे कुणाचे काय, हे ठरवून ठेवणे. चुकीची बातमी पोचवणेही त्याच्याकडेच : आयसीयू चुकीचा एक क्रमांक परत देतो, पायआयसीयू त्याचे पायथनला समजणाऱ्या अपवादात रूपांतर करतो.

हे सगळे आमच्या मुलांना लिहावे लागले नाही. त्यांच्या आज्ञावलीत जेमतेम तीन ओळी वाढल्या आणि काळे काशीकरांच्या मागे गेले. त्या ओळींत भाषेची खूण द्यावी लागते, मराठीसाठी ‘एमआर’. लिपी एकच म्हणून तिथे कुणी हिंदीची खूण टाकली, तर आज्ञावली कसलीही तक्रार करीत नाही. ळ मुकाट्याने ‘ल’शेजारी परत जातो. आमच्या भागात संगणक बहुधा हिंदीतच मांडलेला मिळतो, त्यामुळे सूची छापायला देण्यापूर्वी काळे, जोगळेकर, टिळक ही नावे आम्ही हाताने तपासतो.