फ्रेंच घ्या, रशियन घ्या, पण मराठी कामाला लावा

दहावीचा निकाल लागला की आमच्या चिक्कडपल्लीतल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. इंटरला सेकंड लँग्वेज कुठली? उत्तर बहुतेक ठरलेलंच असतं, संस्कृत किंवा फ्रेंच, कारण मार्क पडतात. सीबीएसईच्या विषयांच्या यादीत रशियनही आहे, फक्त ती शिकवणारी शाळा शोधावी लागते.

मार्कांना माझी हरकत नाही. एमपीसीच्या धबडग्यात मुलांना वेळ कुठे असतो? पण दोन वर्षं शिकूनही 'बोंझूर'च्या पुढे गाडी जात नाही, तेव्हा वाईट वाटतं. या भाषा आपण इंग्रजीतून शिकतो आणि घरची मराठी वर्गाबाहेर चपलांजवळ ठेवून येतो.

रशियनचंच बघा. 'एता दोम' म्हणजे 'हे घर'. 'या इंझिनेर' म्हणजे 'मी इंजिनिअर'. 'आहे'ची गरज नाही, जशी आपल्यालाही बोलताना नसते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तिथे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. लिंगं तीन, आपल्यासारखीच. विभक्त्या सहा, आणि बहुतेक मुलं घाबरतात ती इथेच. पण 'व मास्क्व्ये' म्हणजे मॉस्कोत, 'व मास्क्वू' म्हणजे मॉस्कोला, 'इझ मास्क्वी' म्हणजे मॉस्कोहून. शब्दाचं शेपूट बदललं की अर्थ बदलतो, हे मराठी मूल बोलायला लागल्यापासून करत आलेलं असतं.

नावांचं तर फारच जवळचं. रशियन मुलं बाईंना 'मॅडम' म्हणत नाहीत. बाईंचं नाव आना आणि वडिलांचं प्योत्र असेल, तर 'आना पित्रोव्हना' म्हणून हाक मारतात. मधलं नाव वडिलांचं, हे इथल्या तेलुगू मित्रांना समजावताना आपली दमछाक होते. रशियन माणसाला ते सांगावंच लागणार नाही.

फ्रेंचमध्ये ८० म्हणजे 'चार वीस' आणि ९० म्हणजे 'चार वीस दहा'. वर्गात यावर हशा पिकतो. गावाकडच्या आजीला विचारा, तिनं बाजारात 'चार विसा' असा हिशेब ऐकलेला असेल.

भाषेबरोबर संस्कृती म्हणून पुस्तकात आयफेल टॉवर आणि रेड स्क्वेअर येतात. येऊ देत. पण ही माणसं आपल्या अंगणात येऊन गेली आहेत, ते कुणी सांगत नाही. अफानासी निकितिन हा त्वेर गावचा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, वास्को द गामाच्याही आधी. पावसाळा त्यानं जुन्नरला काढला. तिथल्या सुभेदारानं त्याचा विकायला आणलेला घोडा काढून घेतला होता, तो मोठ्या मुश्किलीनं परत मिळाला. पुढे तो बहामनींच्या राजधानीत, म्हणजे आपल्या शेजारच्या बीदरला पोचला. गोरा माणूस बघायला लोक मागे मागे येतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्याच्यावर १९५७ मध्ये 'परदेसी' हा भारत आणि सोव्हिएत संघाचा मिळून सिनेमाही निघाला, नर्गिस होती त्यात.

फ्रेंचांची गोष्ट तर आणखी जवळची. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाकडे रेमाँच्या कवायती पलटणी होत्या, आणि समोर शिंद्यांकडे पेराँच्या. लढाई मराठ्यांनी जिंकली, पण दोन्हीकडे हुकूम देणारे फ्रेंच! गनफाउंड्रीतला तोफांचा कारखाना याच रेमाँचा. हैदराबादेत तो इतका लोकप्रिय होता की हिंदूंनी त्याला मूसा राम केलं आणि मुसलमानांनी मूसा रहीम.

नव्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजचं मॅन्युअल आम्ही कधी पाठ करत नाही, पहिल्याच दिवशी काहीतरी छोटं बनवून बघतो. तसंच इथेही करता येईल. रोज घरातलं एक मराठी वाक्य घ्यायचं आणि ते त्या भाषेत सांगून बघायचं. अडलं तर तारनाक्याला इफ्लू आहे, तिथे फ्रेंच आणि रशियन दोन्हींचे विभाग आहेत.

आणि एखाद्या रविवारी चिक्कडपल्लीहून मेट्रोनं एमजीबीएसला जा, तिथे एल. बी. नगरची गाडी पकडा. तिसऱ्या स्टेशनची पाटी वाचा, मूसारामबाग. रेमाँची कबर त्याच भागात, टेकडीवर आहे.