मशीद बंदरची मशीद कुणाची?

सीएसएमटीहून गाडी निघाली की पहिलं स्टेशन येतं ते मशीद. रेल्वेच्या पाटीवर ‘मस्जिद’, लोकांच्या तोंडी ‘मशीद बंदर’. लहानपणी खिडकीतून मी ती मशीद शोधायचो आणि कुठलाही मिनार दिसला की हीच ती असं ठरवून मोकळा व्हायचो. पुढे एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, गृहस्थांनी चहा पिता पिता सहज सांगितलं, “ती मशीद आमची हो.” मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे.

या समाजाच्या पूर्वजांचं नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, त्यांचे तेलाचे घाणे, शनिवारी ते बंद म्हणून पडलेलं शनवार तेली हे नाव, हे सगळं वाचकांना ठाऊक असणार, म्हणून ते ओलांडून थेट १७९६ सालात येतो. त्या वर्षी मांडवीजवळ मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनाघर, उभं राहिलं. हिब्रूत त्याचं नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार. ते नाव कागदोपत्री राहिलं. बेने इस्राएल स्वतः त्याला मशीद म्हणत. १८४० साली दुसरं सिनेगॉग निघालं, तेव्हा ती झाली ‘नवी मशीद’ आणि पहिली आपोआप ‘जुनी’. स्टेशनाचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं असं ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. आसपास मुसलमानांच्या मशिदीही आहेत, तेव्हा कोर्टात टिकेल असा हा पुरावा नव्हे. माझा मात्र त्यावर विश्वास आहे.

पण यहुद्यांनी मशीद म्हणावं तरी का? मूळ अरबी शब्दाचा अर्थ सजदा करण्याची, म्हणजे जमिनीला कपाळ टेकण्याची जागा. यहुद्यांच्या रोजच्या प्रार्थनेत साष्टांग नमस्कार नाही. त्यांचा स्वतःचा हिब्रू शब्द ‘बेथ क्नेसेथ’, म्हणजे जमण्याचं घर. सार्वजनिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात. त्यामुळे भिंतींपेक्षा माणसांची मोजणी मोठी. गोव्यात चर्चला म्हणतात ती ‘इगर्ज’ पोर्तुगीजांमार्फत थेट ग्रीक ‘एक्लेसिया’पर्यंत जाते, तिथेही अर्थ सभेचाच. आपलं तसं नाही. देऊळ म्हणजे देवकुल, राऊळ म्हणजे राजकुल, मंदिर म्हणजे मुळात नुसतं घर. आपल्या शब्दांत देव राहतो, माणसं फक्त येऊन जातात. माणसं जमायची ती सभामंडपात, नाहीतर चावडीवर.

कोकणातल्या यहुद्यापुढे दोनच तयार शब्द होते. देवळात मूर्ती आणि मूर्तीशी याचं वाकडं. मशिदीत मूर्ती नाही. त्यातच भारतातल्या सिनेगॉगमध्ये तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचं पवित्र कपाट पश्चिमेकडे, कारण जेरुसलेम पश्चिमेला. आणि आपल्याकडच्या मशिदीचा किब्लाही पश्चिमेलाच. मला वाटतं, सामान्य माणसानं धातू आणि व्युत्पत्ती पाहिली नाही. त्यानं रिकामा गाभारा पाहिला, तोंड कुठे करायचं ते पाहिलं आणि शब्द उचलला.

ज्यानं ही मशीद बांधली तो माणूस मला या सगळ्यात जास्त आवडतो. सॅम्युएल इझिकेल दिवेकर. मराठीत सामाजी हसाजी. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, तसाच आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी. शब्द उसने घेण्याची सवय या समाजाला नावापासूनच होती. सामाजी कंपनी सरकारच्या फौजेत होता आणि दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. कथा अशी की कैद्यांची जात विचारली गेली, उत्तर आलं ‘बनी इस्राईल’, आणि टिपूच्या आईनं रदबदली केली; कुराणात वाचलेले लोक तिनं पहिल्यांदाच पाहिले होते. सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस सामाजीनं केला होता म्हणे. कथेचे पाठभेद अनेक आणि आईचा प्रवेश जरा नाटकी. पण ‘यहुदी’ न म्हणता ‘बनी इस्राईल’ म्हणण्यानं डोकं वाचलं, ही त्यातली गोम मला पटते. शब्दावर जीव तगलेला माणूस पुढे मशीद या शब्दाला बिचकेल कशाला?

आत गेलं की आणखी गंमत. हज्जान, गब्बई, शम्माश हे हिब्रू हुद्दे. त्यांच्या जोडीला काजी, मुकादम आणि चौगुला! पाटलाच्या हाताखालचा चौगुला सिनेगॉगमध्ये बसला होता. हज्जान प्रार्थना म्हणणार, मुकादम समाजाचा म्होरक्या, आणि तंटे ज्येष्ठांच्या बैठकीत मिटायचे. म्हणजे नाव मशिदीचं, कारभार चावडीचा. ‘जमण्याचं घर’ हा हिब्रू अर्थ कुणी भाषांतरित केला नाही; तो चौगुल्याच्या रूपानं आत येऊन बसला.

मराठी बायबलवाल्यांनी मात्र रीतसर भाषांतर केलं: ‘सभास्थान’. अर्थ काटेकोर, शब्द निर्जीव. अलिबागच्या इस्राएल आळीत जाऊन सभास्थान कुठे म्हणून विचारून पाहा.

माझ्या तर्काला एक अडचण आहे, ती पुण्यात. डेव्हिड ससूननं १८६३ साली काम सुरू केलेलं, त्याच्या मृत्यूनंतर १८६७ साली पुरं झालेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग कॅम्पातल्या रिक्षावाल्याला माहीत असतं ते ‘लाल देऊळ’ म्हणून. मूर्ती तिथेही नाही, मग देऊळ कसं? माझं उत्तर असं की हे नाव आतल्यांचं नव्हेच. ससून बगदादी यहुदी; त्याच्या घरात मराठी नव्हती. नाव ठेवलं रस्त्यावरून जाणाऱ्या पुणेकरानं, आणि त्याला दिसल्या लाल विटा आणि आभाळात गेलेला घड्याळाचा मनोरा. उंच ते देऊळ. वसईचे कॅथलिक मात्र आपल्या चर्चला स्वतःच देऊळ म्हणतात. त्यांचे पूर्वज देवळातूनच तिकडे गेले होते, शब्द बरोबर नेला.

सामाजीला आपली मशीद वर्षभरच लाभली. तिच्यासाठी तोराच्या गुंडाळ्या आणायला तो कोचीनला गेला आणि १७९७ साली तिथेच वारला. १८६०मध्ये मशीद त्याच रस्त्यावर थोडी पुढे हलली. रस्त्याच्या पाटीवर आज ‘सॅम्युएल’ आहे, सामाजी नाही. आणि तो ज्या कोचीनमध्ये गेला, तिथे मल्याळममध्ये चर्चला पळ्ळी म्हणतात, मशिदीला पळ्ळी म्हणतात आणि यहुद्यांचं सिनेगॉग ती जूतपळ्ळी.