पाटे वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस विकास विभागाकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "आमच्या उसाला तोड केव्हा?" दुसरा प्रश्न ट्रक बाळगणाऱ्या सभासदांचा असतो. "साहेब, गाडी मागून बसते. पाटे वाढवू, का ठोकळे टाकू?" पहिल्याचे उत्तर तोडणी कार्यक्रमात मिळेल. दुसऱ्याचा विचार येथे करू.

आम्ही काही मिस्त्री नव्हे. आमची पदविका शेतीची. परंतु वावरातून काट्यापर्यंत उसाच्या गाड्यांमागे फिरण्यात आमचे बरेच हंगाम गेले आहेत. शिवाय या बाबतीत आमच्याही हातून एक चूक घडली आहे, ती आधी सांगतो.

सेलू तालुक्यातील एका सभासदाच्या वावरातून शेवटची खेप निघत होती. धुऱ्यावर थोड्या मोळ्या उरल्या होत्या. गाडीवाला भाऊ म्हणाला, "साहेब, यंदा तीन तीन पाटे टाकले, ठोकळेबी बसवले. आता काही भेव नाही." गाडी खरोखरच ताठ उभी होती. आम्हीच म्हणालो, "मग उरलेला ऊसही याच खेपेत येऊ द्या." पांदणीतून नाल्यात उतरताना डावे चाक काळ्या मातीत दबले आणि गाडी सावकाश, अगदी डोळ्यांदेखत, कलंडली. माणसे वाचली, एका तोडणी मजुराचा हात तेवढा मोडला. ऊस दोन दिवस उन्हात वाळत पडला. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्हीच सभासदांना सांगत असतो!

गाडी का बसते, हे आधी पाहा

गाडी बसते याची कारणे चार. पाटे थकलेले असतात, एखादा पाटा तुटलेला असतो, भार चुकीच्या जागी असतो, किंवा भारच जास्त असतो. कारण न पाहता पाटे वाढवणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी करा. सगळ्या टायरची हवा तपासा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर चासीच्या कडेपर्यंत दोरीने माप घ्या. एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल तर त्या बाजूचे पाटे, बुश आणि सेंटर बोल्ट पाहा. सेंटर बोल्ट तुटला की अख्खा आस मागेपुढे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर पाटे थकले आहेत किंवा भार जास्त होतो आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. रिकाम्या ट्रकची मागची बाजू थोडी उंचच असते. भार पडल्यावर ती समतल व्हावी, म्हणून कारखानदाराने तशी ठेवलेली असते. तिला दोष समजू नये.

कोणता उपाय केव्हा

पाटे थकले असतील तर दोन्ही बाजूंचे संच एकदम बदलावेत. लोहाराकडे भट्टीत तापवून बाक देण्याचा प्रकार स्वस्त वाटतो. पण पोलादाला पुन्हा योग्य पाणी दिले नाही तर पाटा पुन्हा बसतो, नाहीतर तुटतो.

आपली गाडी फडावर रिकामी जाते आणि काट्यावर भरून येते. अशा गाडीला हेल्पर पाटे अधिक सोयीचे. ते वर मोकळे असतात आणि भार पडल्यावरच कामाला लागतात. मूळ संचातच जादा पाटे घातले तर गाडी सदासर्वकाळ कडक होते. रिकामी असताना मागची चाके उडतात आणि ब्रेक मारला की घसरतात. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर आस किती दबला यावरून ठरतो. तेथे पाटे कडक केले की भरलेली गाडीही त्या यंत्रणेला हलकी वाटते, आणि ऐन उतारावर ब्रेक कमी पडतो.

आसावर ठोकळा टाकल्याने किंवा लांब शॅकल लावल्याने गाडी नुसती उंच होते, तिचे बळ तसूभरही वाढत नाही. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून जॉइंट लवकर खराब होतात. पुढच्या आसावर तर ठोकळा कदापि टाकू नये, तेथे स्टिअरिंगचा प्रश्न आहे.

हवेचे फुगे बसवून मागची उंची कमीजास्त करता येते. डांबरी रस्त्यावर ते बरे. आपल्याकडे पाचट, चिखल आणि बाभळीचे काटे आहेत, त्यामुळे त्यांची निगा कडक हवी. डाव्या-उजव्या फुग्यांना एकच नळी जोडली तर गाडी कलल्यावर दबलेल्या फुग्यातील हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते. नळ्या वेगवेगळ्या ठेवाव्यात.

कोणताही उपाय केला तरी पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळण्यास विसरू नये.

उंचीचा हिशेब

समजा, डाव्या-उजव्या चाकांत ६ फुटांचे अंतर आहे आणि भाराचा मध्य जमिनीपासून ६ फुटांवर आहे. एका बाजूचे चाक ६ इंच रुतले की भाराचा मध्य सुमारे ६ इंच त्या बाजूला सरकतो. भाराचा मध्य ८ फुटांवर नेला तर तो सुमारे ८ इंच सरकतो. पाट्यांचे दबणे आणि मोळ्यांचे सरकणे यात धरलेले नाही. ३ फूट सरकला की खेळ संपला. म्हणून ठोकळ्याने वाढवलेला प्रत्येक इंच आणि वर रचलेली प्रत्येक मोळी नाल्यात उतरताना आपली किंमत मागते.

मागे लोंबणाऱ्या उसाचेही तसेच. दोन आसांत १४ फूट अंतर असेल आणि मागच्या आसापासून ७ फूट मागे एक टन ऊस लोंबत असेल, तर मागच्या आसावर दीड टन भार पडतो आणि पुढच्या आसावरून अर्धा टन उचलला जातो. स्टिअरिंग हलके लागते, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि मालक म्हणतो, पाटे कमजोर आहेत! अशा वेळी भार पुढे घ्यावा, पैसा वाचतो.

कायदा आणि रस्ता

दोन आसांच्या, सहा टायरच्या ट्रकचे भारासह एकूण वजन पूर्वी १६.२ टनांपर्यंत चालत असे. २०१८ मध्ये ती मर्यादा १८.५ टन झाली. मात्र आपल्या गाडीच्या नोंदणी पुस्तकात जो आकडा आहे तोच आपला. पाटे वाढवल्याने तो बदलत नाही. कारखानदाराच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई आहे. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये दंड ठरवला आहे.

रस्त्याचे गणित आणखी कडक आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. आसावरील भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते, असे तीतून दिसले. म्हणजे भार सव्वापट झाला तर झीज जवळजवळ अडीचपट. ज्या रस्त्याने आपला ऊस येतो, त्याच रस्त्याने आपली पोरे शाळेत जातात आणि दवाखान्याची गाडीही येते.

आमची विनंती

हंगाम सुरू होण्यापूर्वी गाडीमालक सभासदांनी वरीलप्रमाणे मापे घेऊन वहीत लिहून ठेवावीत. पहिल्या खेपेस काट्यावर गर्दी नसताना आधी पुढची चाके, मग मागची चाके वेगवेगळी वजन करून पाहावीत. कोणत्या आसावर किती भार पडतो, हे तेथेच कळेल. मिस्त्रीकडे जाताना हे आकडे सोबत न्यावेत, म्हणजे अंदाजाने पाटे टाकण्याची वेळ येणार नाही.

आणि एक शब्द आमच्याकडून. वावरात मोळ्या उरल्या तर त्या दुसऱ्या खेपेत येतील. "याच खेपेत भरा" असे आता आम्ही कोणालाही म्हणणार नाही. आमच्यापैकी कोणी म्हणालेच, तर गाडीवाल्या भावाने सरळ नाही म्हणावे. राग येणार नाही.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी