बुरशीने घडविलेली चांदी किडीला रोखेल?

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हा सोलापूर जिल्ह्याचा पट्टा कमी पावसाचा आणि म्हणूनच डाळिंबाचा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापूरजवळ केगावला उभे राहिले. २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र या बागांना किडीचे ग्रहण कायमचेच आहे. फुलकिडे कोवळ्या फळाची साल खरवडतात आणि डागाळलेले फळ निर्यातीतून बाद होते. फळ पोखरणारी अळी तर एकदा आत शिरली की फवारणीच्या आवाक्याबाहेर जाते. साहजिकच फवारण्या वाढतात. फळात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला, तर परदेशी बाजारपेठ माल नाकारते. फवारणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न त्याहून गंभीर. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले होते.

रसायनाला पर्याय म्हणून बिव्हेरिया, मेटारायझियम यांसारख्या परोपजीवी बुरशी शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. बुरशीचा बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतो, रुजतो आणि कवच भेदून आत वाढतो. अडचण एकच : रुजण्यासाठी हवेत ओलावा लागतो आणि कडक उन्हात बीजाणू लवकर मरतात. सोलापूरच्या हवेत या दोन्ही गोष्टी बुरशीच्या विरोधात जातात.

म्हणूनच बुरशीऐवजी तिच्याकडून घडवून घेतलेले धातूचे अतिसूक्ष्म कण वापरावेत, हा विचार पुढे आला. या तंत्राच्या पायाभरणीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. मुरली शास्त्री, अबसार अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात बुरशीच्या साहाय्याने चांदीचे नॅनोकण तयार करून दाखविले. त्यांतील एक बुरशी होती फ्युजारियम ऑक्सिस्पोरम. अनेक पिकांना मर रोगाने ग्रासणारी हीच ती! कृती दिसायला सोपी आहे. बुरशी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवली, की काही काळाने द्रावण तपकिरी होऊ लागते. बुरशीने पाझरलेली विकरे चांदीच्या आयनांचे धातूत रूपांतर करतात, तर प्रथिनांचे आवरण कणांना एकमेकांस चिकटू देत नाही. हे कण जेमतेम ५ ते १५ नॅनोमीटरचे होते. माणसाचा केस त्यांच्या हजारो पट जाड असतो.

इतका लहान कण किडीच्या पेशीत शिरून प्रथिनांना व विकरांना चिकटतो आणि त्यांचे काम बिघडवतो, असे मानले जाते. असे प्रयोग डासांच्या अळ्यांवर पुष्कळ झाले आहेत. पण पेल्यातल्या पाण्यात पोहणारी अळी आणि फळाच्या आत दडलेली अळी यांत फार अंतर आहे. फळात लपलेल्या किडीपर्यंत कण पोहोचणार कसा, हा पेच इथेही सुटत नाही.

शिवाय ‘जैविक’ या शब्दाने हुरळून जाण्याचे कारण नाही. बुरशी कुजून मातीत मिसळते. चांदी मूलद्रव्य असल्याने तिचे विघटन होत नाही. जिवाणूंना ती घातक असते, हे तर तिचे जुनेच वैशिष्ट्य. मातीतील उपयुक्त जिवाणूंचे आणि डाळिंबाच्या फळधारणेला हातभार लावणाऱ्या मधमाश्यांचे काय, हे बागेतच तपासावे लागेल. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो कृषी उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, ती अशाच शंकांपोटी. कीटकनाशक म्हणून विकायचे असेल तर १९६८ च्या कायद्यानुसार नोंदणी आवश्यक आहे; डब्यावर ‘नॅनो’ लिहिल्याने त्यातून सूट मिळत नाही.